नकाशाच्या घरांची गणिते

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या समारंभात दोन शब्द बोलण्यासाठी संस्थेच्या चालकांनी मला बोलाविले याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर बोलावे अशी सूचना होती. परंतु या व्यासपीठावरून त्या विषयावर इतक्या थोरामोठ्यांची भाषणे झाली आहेत की, माझ्यासारख्या भूगोलाच्या शिक्षकाने त्यात भर घालावी असे काही उरलेले नाही. म्हणून चालकांची परवानगी घेऊन मी एक लहानसा विषय निवडला आहे. संगणकावर नकाशाची गणिते कशी सोडवावीत, ती सोडविताना माणूस कोठे चुकतो आणि मी स्वतः कसा चुकलो, एवढेच मी सांगणार आहे.

ज्या विद्येबद्दल मी बोलतो आहे तिला जी.आय.एस. म्हणतात, मराठीत भौगोलिक माहिती प्रणाली. तिच्यात नकाशा दोन प्रकारांनी ठेवता येतो. एक प्रकार रेषांचा: रस्ता म्हणजे रेष, विहीर म्हणजे बिंदू, शेत म्हणजे बांधाने वेढलेली आकृती. दुसरा प्रकार घरांचा. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे साऱ्या मुलखावर सारख्या आकाराची घरे आखावयाची आणि प्रत्येक घरात एकच आकडा लिहावयाचा. तो आकडा कधी त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची असेल, कधी पावसाचे मान असेल, कधी जंगलाला १, शेतीला २, वस्तीला ३ असा नुसता खुणेचा अंक असेल. या घरांच्या नकाशाला रास्टर म्हणतात. आपल्या मोबाईलमधील छायाचित्रही असेच घरांचे बनलेले असते. फरक इतकाच की रास्टरमधील प्रत्येक घराला पृथ्वीच्या पाठीवरचा ठावठिकाणा असतो.

मुलखाचे असे भाग पाडण्याची कल्पना आजची नव्हे. सन ११५४ मध्ये सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी अल्-इद्रिसीने जगाचा जो नकाशा तयार केला त्यात त्याने ज्ञात जगाचे सात पट्टे केले, प्रत्येक पट्ट्याचे दहा भाग केले आणि सत्तर भागांचे सत्तर नकाशे काढले. त्यात दक्षिण दिशा वर आहे. मुलांनी तो नकाशा उलटा धरून पाहावा, म्हणजे ओळख पटेल. आपल्या सभांतून अशी नावे घेतली की टाळ्या पडतात आणि आपण समाधानाने घरी जातो. मी हे नाव त्यासाठी घेतलेले नाही. इद्रिसीला प्रत्येक भागाची माहिती वेगळी गोळा करावी लागली आणि मग सत्तर भाग एकमेकांना जोडावे लागले. हे जोडकाम पुढे माझ्या गोष्टीत येणार आहे, म्हणून त्याची आठवण करून दिली.

आता आकड्यांकडे येऊ. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जमिनीची उंची मोजली. त्या कामाला एस.आर.टी.एम. म्हणतात. त्यातून आपल्या मुलखाची उंची प्रथम ९० मीटरच्या घरांत मिळू लागली आणि पुढे ३० मीटरच्या घरांत सर्वांना फुकट मिळू लागली. तीस मीटरचे घर म्हणजे ९०० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ नऊ गुंठे. त्या नऊ गुंठ्यांत बांध असो, विहीर असो की दहा पुरुष खोल घळ असो, घराला आकडा एकच. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातील बारीक घर १० मीटरचे असते, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. रास्टर शिकणाऱ्या मुलाने हे प्रमाण आधी मनात पक्के करावे. आपला प्रश्न गुंठ्याचा आहे आणि नकाशा नऊ गुंठ्यांचा आहे, असे असेल तर कितीही बटणे दाबली तरी उत्तर मिळावयाचे नाही.

हे काम करण्याची साधनेही आज फुकट आहेत. क्यू.जी.आय.एस. नावाचे सॉफ्टवेअर २००२ साली गॅरी शेरमन या गृहस्थाने सुरू केले आणि जगभरच्या लोकांनी ते वाढविले. त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत. आपल्या संस्थेच्या संगणक कक्षातील यंत्रांवर ते चालते. मी काल चालवून पाहिले. तेव्हा ‘आमच्याकडे साधने नाहीत’ ही सबब निदान या एका बाबतीत चालणार नाही.

मी हे काम शिकलो ते चाळिशी उलटल्यावर. जेथे शिकलो त्या ठिकाणाचे नाव घेत नाही. तेथे आम्हांला कोणते बटण कोणत्यानंतर दाबावयाचे हे शिकविले जाई. वहीत क्रम लिहून घ्यावा, त्याप्रमाणे करावे, रंगीत नकाशा निघावा, गुण मिळावेत. प्रश्न थोडा बदलला की आम्ही सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत असू. पुढे मी माझ्यापुरती एक रीत ठरविली: प्रत्येक क्रिया आधी चौकटीच्या वहीत पाच-पाच घरांवर पेन्सिलीने करावयाची, मग संगणकाला सांगावयाची.

उदाहरण घ्या. पाणी कोणत्या दिशेने वाहील? मधल्या घराची उंची ५० मीटर आहे. पूर्वेच्या घराची ४६ आणि आग्नेयेच्या घराची ४५. वर्गात विचारले तर दहांपैकी नऊ मुले आग्नेय म्हणतात, कारण ते घर सर्वांत खोल आहे. पण आग्नेयेचे घर कोपऱ्याला आहे; तेथवरचे अंतर ३० मीटर नसून ४२.४ मीटर आहे. पूर्वेकडे ४ मीटर उतार ३० मीटरांत, म्हणजे मीटरमागे ०.१३३. आग्नेयेकडे ५ मीटर उतार ४२.४ मीटरांत, म्हणजे ०.११८. पाणी पूर्वेला जाईल. संगणकही हेच करतो. आठ शेजाऱ्यांकडे पाहतो आणि सर्वांत तीव्र उताराचा शेजारी निवडतो. अशी लाखो घरे साखळीने जोडली की पऱ्या, ओढा, नदी आणि तिचे पाणलोट क्षेत्र आपोआप दिसू लागते. ज्याने हे एकदा पेन्सिलीने केले त्याला पुढे ‘आधी खळगे का भरावे लागतात’ हे सांगावे लागत नाही. चारी बाजूंनी उंच घरांनी वेढलेल्या घरात शिरलेले पाणी बाहेर पडत नाही आणि नदी मध्येच तुटते. असे पुष्कळसे खळगे खरे नसतात, मोजणीच्या चुकीचे असतात. बारीक घरांच्या नकाशात तर रस्त्याचा भराव धरणासारखा आडवा येतो, कारण त्याच्या खालची मोरी वरून पाहणाऱ्या यंत्राला दिसत नाही.

या क्रियांना शिस्त लावण्याचे काम डॅना टॉमलिन या अमेरिकन अभ्यासकाने केले. १९८३ मध्ये येल विद्यापीठात त्याने या विषयावर प्रबंध लिहिला आणि १९९० मध्ये त्याचे पुस्तक आले. या पद्धतीला ‘नकाशाचे बीजगणित’ म्हणतात. काही क्रिया एका घराकडेच पाहतात, काही शेजाऱ्यांकडे, काही एका संपूर्ण गटाकडे, जसे एका गावाच्या हद्दीतील सर्व घरांची सरासरी. कोणताही प्रश्न समोर आला की मी मुलांना प्रथम हेच विचारतो: उत्तरासाठी घराने कोणाकोणाकडे पाहावयाचे आहे? एवढे ठरले की निम्मे गणित सुटले. बीजगणिताला इंग्रजीत जो शब्द आहे तो अल्-ख्वारिझ्मीच्या ग्रंथाच्या नावातील ‘अल्-जब्र’वरून आला आणि पायरीपायरीने गणित सोडविण्याच्या रीतीला जो शब्द आहे तो खुद्द त्याच्या नावावरून. पुन्हा टाळ्या नकोत!

आता माझ्या चुका सांगतो. यांतील पहिल्या दोन सर्वच नवशिक्यांच्या आहेत.

मी उताराचा पहिला नकाशा काढला तेव्हा समुद्र तेवढा सपाट आला आणि किनाऱ्यापासून सह्याद्रीपर्यंतचा सारा मुलूख ८९ अंशांचा कडा झाला. भातखाचरेसुद्धा भिंतीसारखी उभी! कारण साधे होते. उंची मीटरमध्ये होती आणि घराची लांबीरुंदी अंशांमध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांत. एका अंशात सुमारे ११० किलोमीटर मावतात; पण संगणकाला मी ते सांगितलेच नव्हते. त्याने एका मीटरची चढण अंशाच्या छत्तीसशेव्या भागाने भागली. उपाय असा की, नकाशा आधी मीटरच्या मापात आणावा. कोकणासाठी यू.टी.एम.चा ४३ क्रमांकाचा पट्टा चालतो. तो ७२ ते ७८ पूर्व रेखांशांचा आहे. नागपूरकरांनी ४४ घ्यावा. आणि हे रूपांतर करताना उंचीच्या आकड्यांची सरासरी घेतली तर चालते, खुणेच्या अंकांची मात्र कधीही घेऊ नये. जंगल १ आणि वस्ती ३ यांची सरासरी २ येते, आणि २ म्हणजे शेती. ज्या ठिकाणी कोणी नांगर धरला नाही तेथे अशी शेती पिकते.

दुसरी चूक हिरवळीच्या गणितातील. उपग्रहाच्या चित्रात तांबड्या प्रकाशाचा आकडा आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा आकडा असतो. दोहोंची वजाबाकी भागिले बेरीज केली की झाडोऱ्याचा अंदाज येतो. अवरक्त ३००० आणि तांबडा १०००. २००० भागिले ४००० म्हणजे अर्धा. पण मी त्या वेळी वापरीत असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक गळून पडे. उत्तर शून्य. सगळ्या आंबराया आणि काजूच्या बागा मला कातळ दिसू लागल्या. दोन दिवस मी उपग्रहाला दोष देत होतो.

तिसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती, आणि तिच्यासाठीच मी आज येथे उभा आहे.

आपणांस आठवत असेल, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याआधी २००५ च्या जुलैमध्ये याच तालुक्यात दासगाव, जुई येथे दरडींनी घरे गाडली होती. आमचा मुलूख त्याच डोंगरांच्या कुशीतला. २०२२ साली मला अभ्यासक्रमाचा प्रकल्प करावयाचा होता. मी ठरविले की, आपल्याच भागातील वाड्यांच्या डोक्यावर तीव्र उतार कोठे आहे ते दाखवावे. प्रश्न असा मांडला: ज्या जमिनीचा उतार २५ अंशांहून जास्त आहे आणि जी घरांपासून ५०० मीटरच्या आत आहे ती कोठे व किती? पहिली अट पुरी करणाऱ्या घराला १, न करणाऱ्याला ०. दुसऱ्या अटीलाही तसेच. दोन्ही नकाशांचा गुणाकार केला की जेथे १ उरेल ती जागा आपली. मग घरे मोजावीत आणि ९०० चौरस मीटरने गुणावे. ६४० घरे आली तर ५७.६ हेक्टर, म्हणजे सुमारे १४२ एकर. येथे ‘अंश’ या शब्दाकडे लक्ष द्या. उतार शेकडेवारीतही सांगतात आणि शेकडा २५ म्हणजे केवळ १४ अंश. सॉफ्टवेअर दोन्ही देते; आपण कोणता मागितला हे आपणच पाहावयाचे असते.

उंचीचे नकाशे एकेका अंशाच्या चौकोनांत मिळतात. महाड आणि पोलादपूर यांच्यामधून १८ उत्तर अक्षांश जातो, म्हणून मला दोन चौकोन घ्यावे लागले. एक १७ ते १८ चा, दुसरा १८ ते १९ चा. मी प्रत्येकाचा उतार वेगवेगळा काढला. तो खडबडीत वाटला म्हणून अकरा-अकरा घरांची सरासरी घेऊन गुळगुळीत केला. आणि शेवटी दोन्ही जोडले. येथेच घात झाला. उतार काढताना प्रत्येक घराला आठ शेजारी लागतात. कडेच्या घरांना ते नसतात, म्हणून कडेची रांग कोरी राहिली. सरासरीच्या वेळी ज्या घराच्या अकरांच्या चौकटीत एकही कोरे घर आले ते घरही कोरे झाले. कोरी घरे वगळून सरासरी घेण्याची सोय काही साधनांत असते, माझ्याकडून ती बंद राहिली होती. अशा रीतीने १८ अक्षांशावर आडवी अकरा घरांची, म्हणजे सुमारे ३४० मीटर रुंदीची कोरी पट्टी तयार झाली. कोऱ्याला शून्याने गुणा, एकाने गुणा, ते कोरेच राहते.

कोरे म्हणजे शून्य नव्हे. कोरे म्हणजे ‘मला ठाऊक नाही’. परंतु मी नकाशात तीव्र उताराला तांबडा रंग दिला, बाकीच्याला पांढरा, आणि खाली सूचीत लिहिले: पांढरा – सुरक्षित. कोरी घरे कागदावर कागदाच्याच रंगाची दिसतात. माझ्या परीक्षकांनी नकाशा पाहिला, वाखाणला, गुणही चांगले दिले. कोणाच्याही लक्षात आले नाही. माझ्या तर नाहीच नाही.

तो नकाशा मी हौसेने घरी नेला आणि भिंतीवर लावला. माझी खाला त्या पट्ट्यातील एका वाडीत राहते. विसेक घरांची वाडी आहे, मागे डोंगर, बाजूला पऱ्या. खाला ईदला आली होती. तिला नकाशा वाचता येत नाही असे मी समजत होतो. तिने आधी नदी ओळखली, मग रस्ता, मग बोट ठेवून म्हणाली, “बेटा, आमची वाडी ही ना? मग इथे लाल का नाही? मशिदीमागची पाखाडी चढताना माझा दम जातो. तुझ्या कागदावर तर सपाट मैदान आहे.”

मी तिला उपग्रह, रडार, अंश असे काहीबाही सांगू लागलो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “असेल बाबा. तू शिकलेला. पण डोंगर तिथेच आहे.”

त्या रात्री मी संगणक उघडला आणि खालाच्या वाडीवर टिचकी मारली. उत्तरादाखल आकडाच आला नाही. आजूबाजूला मारली, नाही. वर सरकलो, खाली सरकलो, तेव्हा पट्टी सापडली. पुढचे काम एका तासाचे होते. क्रम उलटा करावयाचा होता, एवढेच: आधी दोन्ही चौकोन जोडावयाचे, मग मीटरच्या मापात आणावयाचे, मग उतार, मग सरासरी. पट्टी भरली. खालाच्या वाडीच्या मागे तांबडी घरे आली.

सूचीतला ‘सुरक्षित’ हा शब्द मी खोडला. त्या जागी ‘उतार २५ अंश किंवा कमी’ असे लिहिले, आणि कोऱ्या घरांना करडा रंग देऊन ‘माहिती नाही’ असे लिहिले. केवळ उतारावरून दरड सांगता येत नाही, हेही मी नकाशाखाली नमूद केले. मातीची जाडी, खडकातील भेगा, तोडलेली झाडे, वर अडवलेले पाणी आणि एका दिवसात पडलेला पाऊस या सगळ्यांचा त्यात भाग असतो. शिवाय रडारने मोजलेली उंची दाट झाडीत जमिनीची नसते, बरीचशी झाडांच्या शेंड्यांची असते. आणि नऊ गुंठ्यांच्या घरात एखाद्याने घरामागे उभा कापलेला डोंगर दिसतच नाही. तो पाहावयास पायांनीच जावे लागते. मी गेलो. तीन ठिकाणी तसा कापलेला आढळला.

नवा नकाशा मी परीक्षकांकडेही पाठविला आणि गुण कमी करावेत असे लिहिले. गुण तसेच राहिले, उत्तरही आले नाही. ग्रामपंचायतीत मात्र तो लावून घेतला गेला.

आपली पुष्कळ मुले शिकून आखातात जातात. तेथील नगरपालिका, तेलकंपन्या यांच्याकडे हे काम आहे, आपल्याकडेही आहे, आणि मुलींना ते घराजवळ राहूनही करता येण्यासारखे आहे. पालकांनी याचा विचार करावा. पण कामाला लागण्यापूर्वी प्रत्येकाने निदान एकदा आपल्याच गावाचा नकाशा करावा असे मला वाटते. परक्या मुलखात कोठल्याही घराला कोणताही आकडा आला तरी तो आपण मान्य करतो. आपल्या गावात मात्र पाखाडीला विचारता येते, खालाला विचारता येते.

मुलांसाठी दारापाशीच्या टेबलावर मी चौकटीचे कागद ठेवले आहेत. पाच घरे आडवी, पाच उभी. उंचीचे आकडे लिहिलेले आहेत. कोणत्या घराचे पाणी कोठे जाते ते बाणांनी दाखवावयाचे आहे. मधे एक घर मुद्दाम कोरे सोडले आहे. त्याचे काय करावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावे आणि तसे का केले ते कागदाच्या पाठीमागे लिहावे. नववी-दहावीच्या मुलामुलींनी जाताना एकेक कागद घ्यावा. येत्या रविवारी दहा वाजता मी संगणक कक्षात येणार आहे. सोडविलेले कागद घेऊन यावे, मग तेच गणित आपण यंत्रावर करून पाहू. ज्यांचे उत्तर यंत्राशी जुळणार नाही त्यांनी आधी यावे.